जमिनीत गेलेली तार

रुपचंद साहेबांनी भिंतीवर वायरी झाकणाऱ्या सागवानी पट्टीवर नख टेकवलं आणि दारापासून खिडकीपर्यंत ओढत नेलं. नख कुठेही अडखळलं नाही. भिकुबाई चौकटीला टेकून त्या नखाकडे बघत होती.

धुळ्यात चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीला लावलेला वाळ्याचा पडदा सकाळपासून दोनदा भिजवून झाला होता, तरी आत येणारा वारा भट्टीतून निघाल्यासारखाच होता. या खोलीत भिकुबाई जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची. वार्निश लावलेली वेटोळी आजवर तिने कोळशाच्या शेगडीवर वाळवली होती. धुराने डोळे चुरचुरायचे, आणि आच कमीजास्त झाली की चार दिवसांचं काम करपून जायचं. आता एका जुन्या पत्र्याच्या पेटीत चार बल्ब बसवून तिने वाळवणीची सोय केली होती. छताला पंख्यासाठी हूक होता, कोपऱ्यात धार लावायच्या दगडाला लहानशी मोटर जोडलेली होती. वीज कंपनीची माणसं खांबावरून तारा ओढून गेली होती. पण तपासनिसाची मंजुरी मिळेपर्यंत खटका वर करायचा नव्हता.

तपासायला कोण येणार, हे तिला ठाऊक नव्हतं. सायकल लावून रुपचंद आत आले तेव्हा तिने पदर सावरला आणि त्यांना वाट दिली. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"काम वनाचं ना?" साहेबांनी कागदावरची सही पाहत विचारलं. "हात सुधारला त्याचा. शिरपूरला याचंच काम मी दोनदा परत पाठवलं होतं."

सही करायला आलेला वना मिस्त्री पडवीत बसून दोन कप चहा प्यायला होता, खोलीत डोकावलाही नव्हता. पण परवाना त्याच्या नावावर होता.

साहेबांनी तारांमधली गळती मोजणाऱ्या मेगर यंत्राची मूठ फिरवली, काटा पाहिला आणि मान डोलावली. मग मागच्या अंगणात जाऊन, गळकी वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डा पाहिला. मीठ आणि कोळशाचे थर, मधून खोल गेलेली तांब्याची जाड तार, उन्हाळ्यात पाणी ओतायला वर बसवलेलं नरसाळं.

"घरच्या कामाला एवढं खोल कोणी जात नाही," ते म्हणाले. "वनाला एकदा भेटलं पाहिजे."

मागच्या ओसरीवर डाळ निवडत बसलेल्या ताईबाईला, भिकुबाईच्या सासूला, राहवलं नाही.

"तो वना काय करस? बठ्ठं तिनीच करेल शे, साहेब. खड्डा बी तिनीच खंदेल शे."

साहेब गर्रकन वळले. "या बाईंनी?"

"हो," भिकुबाई म्हणाली.

"कुठे शिकलात?"

"घरातच. हे मोटारी बांधायचे, मी शेजारी बसून वेढे मोजायचे."

साहेबांनी खोलीत परत येऊन पेन्सिल कानामागे खोचली.

"मग मला हे मंजूर करता यायचं नाही. बिनपरवान्याचं काम. उद्या कोणाला शॉक बसला तर? तुम्ही बायका तर ओल्या फरशीवर अनवाणी वावरणार. वनाला बोलवा, सगळं उपसा आणि त्याच्या हातून नव्याने करून घ्या."

भिकुबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

अनवाणी. चौपन्न सालच्या हंगामातही हाच शब्द होता. तिचा नवरा सुपडू कापसाच्या जिनमध्ये सरकी काढायच्या यंत्रावर होता. यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात, जमिनीत जाणारी तार तुटलीय, असं तो दोन महिने वरच्या मिस्त्रीला सांगत होता. आणि एका दुपारी तो त्या यंत्राला चिकटला तो सुटलाच नाही. वरच्या मिस्त्रीने अहवाल लिहिला : कामगार अनवाणी होता, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. तारेचा त्यात उल्लेख नव्हता. भिकुबाईला तो अहवाल दुसऱ्याने वाचून दाखवला होता. वरचा मिस्त्री तिने एकदाच पाहिला होता, जिनच्या फाटकात. तो आता तपासनीस होऊन तिच्या खोलीत उभा होता.

तिने पडदा भिजवायची बादली उचलली आणि अख्खी फरशीवर उपडी केली. मग त्या पाण्यात उभं राहून तिने तळहात मोटरच्या लोखंडी अंगावर ठेवला.

"हे काय करता?"

"खटका वर करा."

"बाई, वेड्यासारखं करू नका. बाजूला व्हा."

"तुमचं यंत्र म्हणालं ना, काम चांगलं आहे? करा वर."

साहेबांचा हात उठेना. तेवढ्यात ताईबाईने डाळ निवडायचं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि गुडघ्यावर जोर देत उठून ती आत आली.

"व्हा बाजूले. मी करस."

तिने सुनेच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि खटका वर केला.

मोटर घरघरली. पेटीच्या फटींतून चारही बल्बांचा पिवळा उजेड फरशीवरच्या पाण्यात पडला. भिकुबाईचा हात होता तिथेच होता.

"पायात काही नाही," ती म्हणाली. "खाली पाणी आहे. मग मी का मेले नाही? सांगा ना, साहेब."

रुपचंद तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांवर घाम फुटला होता.

"तुम्ही... सुपडूच्या घरच्या?"

"दोन महिने ते तुम्हालाच सांगत होते."

"मालकांनी जसं सांगितलं तसं लिहिलं मी. मलाही नोकरी होती."

"नोकरी!" ताईबाईचा आवाज फाटला. "मना पोऱ्या गया, आनि याले नोकरी!"

साहेबांनी घाईने पेन्सिल काढली, कागद भिंतीला टेकवून सही केली आणि पुढे धरला.

"घ्या. मंजूर. परवान्याचं मी बघून घेईन."

भिकुबाईने कागदाला हात लावला नाही. शेवटी ताईबाईनेच तो ओढून घेतला.

"त्या यंत्रावर आता कोण आहे?" भिकुबाईने विचारलं.

"पुना म्हणून आहे एक. शिंदखेड्याकडचा."

"तार जोडली?"

साहेबांनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली.

"जिनही तुम्हीच तपासता ना?"

"वर्षातून एकदा."

"यंदा तपासलं?"

साहेब फरशीवरच्या पाण्याकडे पाहू लागले. "कागद आला होता. सही करून दिली. गेलो नव्हतो."

भिकुबाईने खटका खाली केला. फळीवरची पकड कमरेला खोचली, खड्ड्याच्या कामातून उरलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं खांद्याला अडकवलं.

"आत्याबाई, पडदा भिजवत राहा," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "चला."

"आत्ता? मला शिरपूरची बस गाठायचीय. आणि तुम्हाला तिथे आत कोण सोडेल?"

"तुम्हाला तर सोडतील."

ती निघालीसुद्धा. रस्त्यावर माणूस नव्हतं, डांबर मऊ पडलं होतं. मागे हातात धरून चालवलेल्या सायकलची टिकटिक येत होती. शिरपूरचा रस्ता फुटतो त्या चौकात ती टिकटिक थांबली. भिकुबाई थांबली नाही. दुपारची पाळी सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं. खांद्यावरच्या तांब्याचा चटका लुगड्यातून लागत होता. तिने वेटोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पाय उचलला.

पन्नास-साठ पावलं झाली असतील. मग मागून टिकटिक पुन्हा ऐकू येऊ लागली, आधीपेक्षा घाईची.