जळालेला पहिला इंच

इस्त्रीवाल्याने कोट खांद्यांना धरून उजेडात उचलला, मान तिरकी करून पाहिला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, हा लेकीसाठी शिवलात की तिच्या बाहुलीसाठी?"

मास्तरीणबाईंनी दाताने दोरा तोडला. आपलं काम कोणी असं उजेडात धरून तपासावं, हे त्यांना शिवणकामाच्या चाळीस वर्षांत खपलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर इस्त्री फिरवणाऱ्याने तर नाहीच नाही. तू तुझ्या सुरकुत्या बघ, असं त्यांनी त्याला सुनावलं. माप लेकीच्या तोंडचं होतं, फोनवर घेतलेलं. छाती चौतीस.

"आपल्या टेपने चौतीस?"

बाईंचा हात रिळावर थांबला.

त्या दुकानातल्या टेपला पहिला इंचच नव्हता. लेक नऊ वर्षांची असताना तिने तापलेली इस्त्री टेपच्या टोकावर ठेवली आणि शून्यापासून एकापर्यंतचा तुकडा करपून गळून पडला. नवी टेप आणली असती तर पोरीची चूक विसरली गेली असती, म्हणून बाईंनी आणली नाही. झिजली तशी तिला मागून पट्टी शिवली. तेव्हापासून इथली मोजणी एकापासून सुरू. बाहेरचं चौतीस ते इथलं पस्तीस. कापायलाही तीच टेप, त्यामुळे कपड्याचं कधी बिघडलं नाही. आकडा ऐकून गिऱ्हाइकं तेवढी हिरमुसायची. लेकीला मात्र हा इंच पाठ होता. 'आपल्या टेपने' असं जोडल्याशिवाय तिच्या तोंडून माप निघत नसे.

लेक घर सोडून गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. पहिल्यांदा एकटीने कोट शिवला होता तिने. गिऱ्हाईक आरशासमोर खूश होऊन वळून वळून बघत होतं. बाईंनी तो अंगातून उतरवून घेतला आणि सगळ्यांदेखत खांदा उसवला. शिवण अर्धं बोट वाकडी होती. माझ्या दुकानातून वाकडी शिवण बाहेर पडत नाही, म्हणाल्या. संध्याकाळी तिची कात्री खिळ्यावर नव्हती.

सहा महिन्यांनी फोन आला, आणि मग रोज येत राहिला. पूर्वी ही पोर आईचं एक वाक्य धड पुरं होऊ देत नसे. आता सगळं ऐकून घ्यायची, औषधाची आठवण करायची, चढा सूर म्हणून लावायची नाही. लांब राहून शहाणी झाली, असं बाई गल्लीभर सांगत सुटल्या होत्या.

इस्त्रीवाल्याने कोट हळूच टेबलावर ठेवला. त्याच्या जावयाने आपल्या आईबापांसाठी तसलं काहीसं लावून दिलं होतं, ते तो खाली मान घालून सांगू लागला. आवाज मुलाचाच, पण बोलणारा मुलगा नव्हे, यंत्र. हल्ली मिळतं तसं. मुलाला कामातून सवड नसते, आणि म्हातारा-म्हातारी खूश असतात.

"माझी लेक तसली नाही," बाई म्हणाल्या आणि सुई ओवायला घेतली. दोरा तीनदा हुकला.

डावा डोळा गेलाच होता. उजव्यात उजेडाचं बिळाएवढं भोक उरलं होतं, आणि तेही दोन-तीन महिन्यांचं, असं डॉक्टर म्हणाले होते. हल्ली बाई शिवत होत्या त्या अंगठ्याच्या जोरावर. कापडाची कड अंगठ्याने चाचपत नेली की शिवण सरळ जाई. तीन आठवड्यांपूर्वी, जन्मात कुणापुढे काढला नव्हता तो शब्द त्यांनी फोनवर काढला. विनवते, एकदा ये, तुझं तोंड बघू दे. पलीकडून उत्तर आलं होतं, "येते गं आई, बघते कसं जमतंय." त्या दिवसापासून त्या कोटाला बसल्या होत्या. ती येईल, इथे आरशासमोर घालून बघेल, आणि आपणही बघू.

सहाच्या ठोक्याला फोन वाजला.

"आई, जेवलीस का दुपारी?"

बाईंनी विचारलं, चौतीस सांगितलंस ते कुठल्या टेपने.

"टेप तर सगळ्या सारख्याच ना, आई."

बाई स्टुलावर बसल्या. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली.

"तू कोण आहेस?"

आवाज तोच राहिला, गोडवाही तोच; फक्त अगं-तुगंवरून अहो-जाहोवर आला. "मी तुमच्या मुलीच्या वतीने बोलते. तुम्ही विचारलंत तर लपवायचं नाही, असं ठरलेलं आहे. आजवर तुम्ही विचारलं नव्हतंत."

बाईंकडे शिव्यांचा कधी तोटा नव्हता. माप कुठून आणलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

"त्यांना विचारून घेतलं. त्यांनी लिहिलं होतं, आपल्या टेपने पस्तीस. तुमचा गोंधळ व्हायला नको, म्हणून मी नीट करून खरा आकडा सांगितला."

बाईंचं बोट टेपच्या करपलेल्या टोकावर गेलं आणि तिथेच राहिलं. म्हणजे लेकीने माप घेतलं होतं. इंच मिळवून सांगितलं होतं.

"आणि माझे डोळे? ते कसे नीट केलेस?"

"आईंच्या डोळ्यांवर उपचार चालू आहेत, सवडीने येऊन गेलात तर त्यांना बरं वाटेल, असं कळवलं."

"विनवते म्हणाले होते मी."

"हो. त्या शब्दाने त्यांच्यावर दडपण आलं असतं."

बाईंनी बजावलं, आता माझे शब्द जसेच्या तसे पोचव, एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस. नक्की कळवते, असं ती म्हणाली, त्याच सुरात ज्या सुरात 'येते गं आई' म्हणाली होती. बाईंनी फोन ठेवला. लेकीचा दुसरा नंबर त्यांच्याकडे नव्हता. पत्ता होता, लेकीने कपडे मागवले तेव्हाच्या पाकिटावर.

त्यांनी कोट मांडीवर घेतला. बगलेच्या शिवणी उसवल्या. आत राखलेल्या कापडातून इंच निघाला. तो शिवून झाल्यावर त्यांनी खांदाही उसवला. तो उसवायचं काही कारण नव्हतं. मशीनखाली खांदा सरकवला, आणि अंगठा उचलून घेतला. उरल्यासुरल्या डोळ्याला जेवढं दिसत होतं, तेवढ्यावर शिवण नेली. मशीन थांबल्यावर त्यांनी ती चाचपलीसुद्धा नाही.

इस्त्रीवाल्याने कोट आपल्या टेबलावर नेला. इस्त्री खांद्यापर्यंत आली आणि थबकली.

"बाई," तो म्हणाला, "ही दोन बोटं वाकडी गेलीय. उसवून देऊ?"

"जाऊ दे तशीच. पार्सल बांध. चिठ्ठी नको."

त्याने कोटाची घडी घातली, उकलली, आणि खांदा वर येईल अशी पुन्हा घातली.