बाटलीतली साठ बटणं

"हा गठ्ठा आजपासून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मार," असं म्हणून मावशीने दोन डझन शर्टांचं गाठोडं मुकादमाच्या टेबलाशेजारी असं आपटलं, की त्याच्या कपातला निम्मा चहा बशीत उतरला.

मुकादमाने आधी बशीकडे पाहिलं, मग मावशीकडे. "काय झालं मावशी? दर कमी वाटतो का?"

"दर तुझा पहिल्या दिवसापासून भिकारडा आहे, त्यात आज नवीन काय? माझी गरज संपली."

"म्हणजे काम सोडता?"

"कानात बोळे घातलेस का? दिवसाचं काम करणार. घरी न्यायचा गठ्ठा नेणार नाही. पाच वर्षं घरी जाऊन स्वयंपाक केला, भांडी घासली आणि मग तुझ्या गिऱ्हाइकांच्या पोटावरची बटणं लावत बसले. आज माझा शेवटचा हप्ता. उद्यापासून संध्याकाळी मी पाय पसरून बसणार आहे. नुसती!"

लांब बाकावरच्या बायका खुदखुदल्या. एक म्हणाली, "मावशी नुसती बसणार? मग घरातल्या माणसांचं काही खरं नाही गं बाई!"

"तू आधी तुझं काज नीट कर. त्यातून बटण काय, बैल जाईल."

मुकादम वयाने तिच्या मुलासारखा, पण खुर्ची माणसाला लवकर म्हातारं करते. तो म्हणाला, "बघा हं. एकदा गठ्ठा दुसऱ्या बाईला दिला, की परत मागायला यायचं नाही."

"मी? मागायला? मी कुणापुढे हात पसरला असं तुला कुणी सांगितलं, त्याचं नाव सांग. त्याच्याकडे बघते मी."

आणि मावशी ताठ मानेने बाहेर पडली. त्या ताठ मानेचं पुढे काय झालं, तीच ही गोष्ट.

त्या कारखान्यात महागडे शर्ट शिवले जायचे. बाकी सगळं मशीन करायचं, काजं आणि बटणं मात्र हाताने. एका शर्टाला अकरा बटणं. नुसतं टोचलं आणि गाठ मारली, असं नाही. बटणाखाली दोऱ्याचे वेढे घेऊन त्याला मान करायची, म्हणजे ते कापडावर दबत नाही, रुबाबात उभं राहतं. मावशीच्या बटणाची मान सगळ्यांत चांगली. तिच्या स्वतःच्या मानेसारखीच, असं बायका तिच्या मागे म्हणायच्या. पुढे म्हणायची छाती कुणाची नव्हती.

कर्ज तिचं नव्हतं. तिच्या नवऱ्याचंही नव्हतं. धाकट्या दिराला टेम्पो घ्यायचा होता. पतपेढीने जामीन मागितला आणि नवऱ्याने घरात एका शब्दाने न विचारता सही ठोकली. पुढे दीर गाव सोडून पळाला, टेम्पोही गेला. मागे राहिली ती सही. एके दिवशी मावशी कणीक मळत असताना दोन माणसं दारात आली आणि एक कागद तिच्यापुढे धरून उभी राहिली. साठ हप्ते. पाच वर्षं. हाताला कणीक तशीच चिकटलेली ठेवून तिने तो कागद ऐकला. वाचला नाही, ऐकला. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेलेली. अक्षरं जुळवायची म्हटली तर जुळत, पण त्या दिवसापासून तिचा कागदावरचा विश्वासच उडाला. एका कागदाने घर बुडवलं, आता दुसऱ्या कागदावर हिशेब कोण ठेवणार?

तिने स्वतःचा हिशेब मांडला. कारखान्यात एक मोठी ऑर्डर रद्द झाली होती, तिची बटणं भंगारात निघाली होती. तपकिरी, मध्ये पांढरी शीर असलेली. त्यातली साठ मोजून तिने घरी आणली, एका रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत भरली आणि बाटली फळीवर ठेवली. दर महिन्याला हप्ता भरायला निघताना एक बटण काढून मुठीत घ्यायचं, हप्ता भरायचा, आणि येताना नाल्याच्या पुलावरून दिराच्या नावाने एक शेलकी शिवी हासडून ते खाली भिरकावायचं. तेवढंच मन हलकं. ही बाटली कशाची, हे तिने घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं कशाला? ज्याने सही करताना विचारलं नाही, त्याला कोण सांगायला जातं!

पाच वर्षं घर एका तारेवर चाललं. पगाराच्या दिवशी ती जमिनीवर नोटांचे ढीग लावायची. भाडं, वीज, किराणा, हप्ता आणि शेवटचा ढीग 'उरलं तर'. त्या शेवटच्या ढिगात पाच वर्षांत कधी काही पडलं नाही. दूध अर्धं झालं. लेक कॉलेजला पाऊण तास चालत जायला लागली. मावशीला चष्मा हवा होता. ती सुई खिडकीत धरून ओवायला लागली. सगळ्यांना एकच उत्तर: हप्ता फिटला की. लेकीला बसचा पास, हप्ता फिटला की. गळका नळ, हप्ता फिटला की. नवरा आधी एका दुकानात होता. ते बंद पडल्यावर एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. तो संध्याकाळी जायचा, सकाळी यायचा. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची. दोघांची गाठ उंबरठ्यावर पडायची आणि तिथे जेवढी भांडणं मावतील तेवढीच व्हायची.

तर आज बाटलीत शेवटचं बटण होतं. मावशीने ठेवणीतले कपडे घातलेले. पतपेढीच्या खिडकीपुढे तिने नोटा ठेवल्या आणि म्हणाली, "मोज. पावती दे. आणि पावतीवर मोठ्या अक्षरात 'संपलं' म्हणून लिही."

कारकुनाने नोटा मोजल्या, कळा दाबल्या आणि म्हणाला, "संपलं कुठे, मावशी? छप्पन्न झाले. अजून चार आहेत."

"कुणाचे चार?"

"तुमचेच."

"अरे, झोपेत आहेस का? साठ होते, साठ भरले. तुझा तो डबा खोटं बोलतोय."

"मशीन कसं खोटं बोलेल?"

"माणसं बोलतात ना? ती मशीन कुणी बनवली, बकऱ्यांनी?"

रांगेतले लोक हसले. कारकून बापडा पोरगेला होता, भांडायला तयार नव्हता. तो म्हणाला, "तुमच्याकडच्या पावत्या दाखवा."

मावशीने पिशवीतून फाइल काढली. नवऱ्याने एकेक पावती त्यात लावलेली होती. फाइल पाच वर्षं गॅसच्या शेगडीजवळच्या खिळ्याला लटकत होती. तिने ती उघडली. आत पांढरे कागद. गुळगुळीत, कोरे, एक अक्षर नाही. मशीनची ती पुसट शाई उष्णतेने उडून गेली होती. मावशीने एकेक कागद उलटून पाहिला, उजेडाकडे धरला, आणि फाइल मिटली.

"बघितलंस? म्हणून कागदावर विश्वास ठेवू नये," ती म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता.

"मी वाचून दाखवू का सगळे?"

"दाखव. एकूण एक."

त्याने पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. रांगेतून कुरकुर झाली. मावशीने मागे वळून एकदा पाहिलं, कुरकुर थांबली. तो तारखा वाचत होता आणि ती डोळे मिटून ऐकत होती. लेकीला ताप होता, तेव्हा सात दिवस उशिरा भरला, दंडासकट. बरोबर. कारखाना दीड महिना बंद होता, तेव्हा कानातलं मोडून भरला. बरोबर. नवऱ्याचं काम सुटलं तो महिना. बरोबर. एकही हप्ता असा निघाला नाही, की जो तिला आठवतो आणि त्याच्याकडे नाही. छप्पन्न म्हणजे छप्पन्नच.

"पुढच्या महिन्यात या, मावशी," तो हळू म्हणाला. "चारच तर राहिलेत."

"चारच! तू लावून बघ महिन्याला पाचशे-सहाशे बटणं जास्तीची, मग 'चारच' म्हण."

पुलावर ती थांबली. मुठीतलं बटण घामाने ओलं झालं होतं. ते फेकायला हात वर होईना. हप्ते चार राहिले तर बटणं चार राहायला हवीत. मग ती गेली कुठे?

घरी आली ती पायातलं न काढताच. लेक अभ्यास करत होती.

"फळीवरच्या बाटलीला कोण हात लावतं?"

"कुठली बाटली?"

"बटणांची! दोनशे बाटल्या आहेत का आपल्याकडे?"

"मी नाही बाई. बाबा घेतात कधीतरी एखादं."

तेवढ्यात बाबाच आतून आले, ड्यूटीचा जाड कोट चढवत. मावशी दार अडवून उभी राहिली. "कोट काढा."

"अगं, उशीर होतोय मला."

"काढा म्हणते ना."

त्याने कोट काढला. आत निळा गणवेशाचा शर्ट. दोन्ही बाह्यांच्या टोकांना एकेक, खिशाला एक आणि बरोबर पोटावर एक. तपकिरी, पांढऱ्या शिरेची. काळ्या दोऱ्याने अशी जखडून टाकलेली, की मान सोडा, त्यांना श्वासही घेता येत नव्हता.

ज्या बाईने आयुष्यभर लोकांची बटणं पाहिली, तिने इतक्या वर्षांत आपल्या नवऱ्याचा शर्ट पाहिला नव्हता. तो गोदामावरच्या नळाखाली स्वतः धुवायचा, तिथेच वाळवायचा.

"ही तुम्ही काढलीत?"

"हो. का? भंगारातली आहेत ना? एवढी पडली होती, चार घेतली."

"मला विचारायला तोंड नव्हतं?"

त्याने कोट हातावर घेतला. मग म्हणाला, "एकदा विचारलं होतं. पहिलं बटण तुटलं तेव्हा. तू म्हणालीस, दिवसभर दुनियेची लावते, आता तुमचीही लावू? सही करायला हात चालतो तर सुई धरायलाही चालेल." त्याने बाही खाली ओढली. "तेव्हापासून मीच लावतो. तिथे बटण नसलं की दंड कापतात. पगार कमी आला असता तर हप्त्याला कमी पडलं असतं."

मावशीने बाटली फळीवरून खाली घेतली.

"ती बटणं नव्हती," ती म्हणाली. "ते हप्ते होते."

तिने बाटलीचा हिशेब आणि राहिलेले चार हप्ते सांगितले, तसा तो खाटेवर बसला. लेकीने हळूच विचारलं, "मग आई, पास?"

"चार महिने अजून चाल. पाय काही झिजत नाहीत." हे बोलून झाल्यावर तिला आपलंच तोंड कडू लागलं. लेक वहीत मान घालून बसली, पण पान उलटलं नाही.

मावशीने कात्री आणली. "उभे राहा." तिने चारही बटणं कापली. एकेक करून बाटलीत टाकली. रिकाम्या काचेत प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू आला. मुठीतलं आजचं बटण तिने खिडकीतून बाहेर भिरकावलं. शिवी मात्र या वेळी कुणाच्या नावाने द्यायची, ते ठरेना. मग दिली नाही.

नवरा शर्ट पोटापाशी धरून उभा. ड्यूटीची वेळ टळत होती. तिने तिच्या डब्यातून चार पांढरी बटणं शोधली, सुई घेतली आणि दिव्याखाली दोरा ओवायला लागली. एकदा. दोनदा. दोरा भोकाच्या बाजूनेच जाई. तिसऱ्यांदा तिने दोऱ्याचं टोक ओलं केलं, डोळे बारीक केले, आणि तरी नाही.

नवऱ्याने तिच्या हातातून सुई घेतली. एका दमात ओवली आणि परत दिली.

"हे कधी शिकलात?"

"तू शिकवलंस ना."

"हात वर करा. हलू नका," ती म्हणाली. "टोचलं तर बोंबलायचं नाही." आणि तिने चारही बटणं लावली, प्रत्येकाला नीट मान करून. वेळ लागला. तो हलला नाही.

सकाळी ती कारखान्यात सगळ्यांच्या आधी गेली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. 'तुझी अडचण होत असेल म्हणून नेते' असं एक. 'घरी बसून कंटाळा येतो' असं दुसरं. दुसरं बरं वाटत होतं, कारण त्यात तिचं काही जात नव्हतं.

मुकादम टेबलाशी होता. आणि गठ्ठा काल तिने जिथे आपटला होता, तिथेच होता. त्याच गाठीचा, त्याच कुशीवर कललेला. कुणी दुसऱ्या बाईला दिला नव्हता. कुणी पायाने बाजूलाही सारला नव्हता.

मुकादमाने मान वर केली, गठ्ठ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत घातली.

मावशीने जुळवलेली सगळी वाक्यं गिळली. वाकून गाठोडं उचललं, आपल्या बाकाखाली सरकवलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सुया बारीक देतोस तू," ती म्हणाली. "मोठ्या भोकाची दे एक."

त्याने खण उघडला, पाकिटं चाळली, सगळ्यांत मोठ्या भोकाची सुई काढली आणि तिच्या पसरलेल्या हातावर ठेवली.