लिलावाचा गळा

ज्येष्ठमधाचं पाणी घशात घोळवून तिनं ते भांड्यात थुंकलं आणि मोकळ्या गळ्यानं पुकारलं, "बोला, बोला! गेली टोपली!"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला.

"मावशी, इथे मासळी नाही," भूल देणारी डॉक्टर म्हणाली.

"गळा तपासला. तुमची ती श्वासाची नळी यातूनच जाणार ना? जन्मभर लिलाव पुकारलाय याच्यावर. हा बसला, की मीही घरी बसले."

"नळी लहान मापाची घेते. तिच्या टोकाशी फुगा असतो. त्यात हवा जास्त झाली की घसा सोलवटतो, म्हणून ती मोजून भरते. आज बाजारात कोण आहे?"

"सून. मांजरानं दूध मागावं तसला आवाज. गिऱ्हाईकं खेळवतील तिला."

पित्ताशयाचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. फुग्यातली हवा डॉक्टरनं मधेही एकदा तपासली. नळी काढली तीही अलगद.

दुपारी डॉक्टर खाटेपाशी आली. "घसा?"

बाईनं आवंढा गिळला. पुन्हा एकदा गिळून पाहिला. "जसाच्या तसा आहे हो!" ती एवढी हसली की पोटावरचे टाके ओढले गेले.

तेवढ्यात सून आली, बाजारातून तडक. तोंड उघडलं तर आवाज पार घोगरा.

"आई, आधी सगळे हसले. तो टकलू म्हणतो, जरा मोठ्यानं, मासे झोपलेत. मग अशी ओरडले, की तोच मागे सरला. आणि मोठा मासा तुम्ही आधी काढता ना? मी शेवटी ठेवला. एकही गिऱ्हाईक हललं नाही तोवर." ती एकदम थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुम्ही आलात की तुमच्याच पद्धतीनं होईल. घसा कसा आहे?"

सासूनं तोंड उघडलं. मिटलं. मग गळ्याला हात लावून नकारार्थी मान हलवली.

"बसला?" सुनेनं डॉक्टरकडे पाहिलं. "किती दिवस?"

डॉक्टरनं खाटेवर नजर टाकली. बाई खिडकीबाहेर बघत होती.

"ते यांचं यांनाच कळेल," डॉक्टर म्हणाली.

बाईनं पाणी मागितलं, तेही खुणेनं.