पुतळीच्या गालावरची तीट

मित्रांनो, मी एक जुनी पुतळी आहे, आणि तीही अर्धीच. डोकं, मान आणि खांदे, बस्स. हात म्हणाल तर ते मला कुणी दिलेच नाहीत. नाशिकच्या फुलबाजारात नवसाबाईंच्या टपरीवर, झेंडूच्या पाट्यांच्या मागे मी बसलेली असते. तुम्ही कधी मला पाहिलं असेल, तर मीही तुम्हाला पाहिलं आहे. चांगलं निरखून पाहिलं आहे. माझ्या पापण्या रंगवलेल्या आहेत, त्या मिटत नाहीत. ज्याला डोळेच मिटता येत नाहीत, त्याचा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. मी अशी संशयी का, असं विचाराल तर कारण हे एवढंच.

माझा जन्म नव्वद सालानंतरचा, मालेगावातला. गणपती करणारा एक कारागीर होता. विसर्जन झालं की त्याचे हात रिकामे, म्हणून मग तो साड्यांच्या दुकानांसाठी पुतळ्या करायचा. माझ्या गालांवर गणपतीचाच उरलेला गुलाबी रंग आहे. तिथून मी पेंढ्यात गुंडाळून नाशकात, मेन रोडवरच्या एका साडीच्या दुकानात आले. मालकाच्या बायकोने, झुंबरबाईंनी, मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, बिननथीची नवरी कुठं असते का?" असं म्हणून त्यांनी दाभण घेतलं आणि माझ्या डाव्या नाकपुडीला भोक पाडलं. थोडं प्लास्टर उडालं, पण नथ छान बसली. मी नवरी झाले.

ते दिवस मानाचे होते. शालू माझ्याच खांद्यावर, पैठणी माझ्याच खांद्यावर. बायका म्हणायच्या, "अगदी हिच्यासारखी हवी." मला वाटायचं, साडी बघतात की मला? आणि मला बघतात तर का बघतात? एक बाई तर रोज यायची, पदराला हात लावायची आणि काही न घेता जायची. ती दुसऱ्या दुकानाकडून आली असणार, असं मला आजही वाटतं.

मग फायबरच्या पुतळ्या आल्या. हातापायांच्या, उंच, कमरेवर हात ठेवून उभ्या. मला माळ्यावर टाकलं, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून थेट भंगारात. मित्रांनो, भंगारवाल्याच्या शेडमध्ये मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. सायकलींच्या गंजक्या चाकांत पडून मी मागे होणारे आवाज ऐकत होते. फोडायला आपला नंबर कधी लागेल, हे पाठीमागून कळत नाही. ती भीती अजून माझ्या मानेत आहे.

तिथून मला भाग्यश्रीने सोडवलं. ही नवसाबाईंची सून. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा आणि बाजारात ही टपरी. नवसाबाईंचे हार म्हणजे गच्च, दोऱ्याला फट म्हणून दिसायची नाही. पण भाग्यश्रीची बोटं वेगळीच होती. ती मोगऱ्याच्या कळ्यांची ठुशी करायची, शेवंतीची कर्णफुलं करायची, जुईचा बाजूबंद करायची. हळदीच्या नवरीला आणि डोहाळजेवणाच्या बाईला फुलांनी मढवायचं, हे तिचं स्वप्न. आणि दागिना दाखवायला गळा हवा ना? तो माझा.

तिचा नवरा शेखर मात्र कंटाळला होता. "कळ्या वाया चालल्यात," तो म्हणाला. "ह्या लग्नसराईपुरतं बघू. नाय चाललं तर ही पुतळी भंगारात, अन् तू आईजवळ हार ओवायला बस. मंग ते दागिने-बिगिने काय नाय." भाग्यश्रीची मान खाली गेली. माझी तर खाली जातच नाही, म्हणून मी शेखरकडे बघत राहिले. भंगार हा शब्द मी कसा विसरेन?

हे दोन हजार आठ सालचं. तेव्हा पोरापोरींना इंटरनेटवरच्या ऑर्कुटचं वेड लागलं होतं. भाग्यश्रीच्या डोक्यात आलं की आपले दागिने तिथे टाकावेत. शेखरच्या मोबाइलवर माझे फोटो निघायचे आणि पंचवटीतल्या भिकनच्या सायबर कॅफेत जाऊन ते चढवायचे. भिकन सटाण्याकडचा, अहिराणी बोलणारा. एकदा भाग्यश्रीने मला गोणपाटात घालून तिकडे नेलं, शेजारच्या खुर्चीवर बसवलं. भिकन माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मला ते आवडलं नाही.

"ताई, पुतळी भारी शे," तो म्हणाला. "आता बघ, अख्खं नाशिक बघी."

अख्खं नाशिक! दुकानात मला चारजणी बघायच्या, त्या दिसायच्या तरी. इथे कोण बघतंय, किती वेळ बघतंय, कशासाठी बघतंय, काही पत्ताच नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं ना, अगदी तसंच वाटलं.

नवसाबाईंचंही मन साशंक होतं, पण त्यांचं कारण जुनं. "एवढी लोकं बघनार म्हनल्यावर नजर लागंल न्हाय का?" असं म्हणत त्या कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढायच्या आणि माझ्या गालावर तीट लावायच्या. हो, बाळाला लावतात तशीच, काळी टपोरी. भाग्यश्री वैतागायची.

"आई, ही पुतळी आहे हो! फोटोत डाग दिसतो."

"दिसू दे. दिसायलाच लावलीय."

मग भाग्यश्री पदराच्या टोकाने माझा गाल पुसायची आणि नवसाबाई तिची पाठ वळली की पुन्हा लावायच्या. लावा आणि पुसा, लावा आणि पुसा. माझ्या गालाचा गणपतीचा रंग तिथे अजून फिका आहे.

एका संध्याकाळी भाग्यश्रीने फार सुरेख ठुशी केली. मोगऱ्याच्या कळ्या एकसारख्या निवडून, मधोमध गुलाबी शेवंती. गाल पुसला, मोबाइल आणायला वळली, तेवढ्यात नवसाबाईंनी डाव साधला. घाईत फोटो निघाला. कॅफेतल्या मोठ्या पडद्यावर बघते तर गालावर तीट! "अगं बाई, हे काळं काय!" भाग्यश्री ओरडलीच. पण फुलं तोवर मलूल झाली होती, पुन्हा फोटो कशाचा काढणार? रुसलेल्या तोंडाने तिने तोच चढवला.

आणि मित्रांनो, नेमका तोच फोटो चालला. मुली खाली लिहू लागल्या, फोन येऊ लागले. सगळ्यांत मोठा फोन दिंडोरीचा. द्राक्षबागायतदारांची मुलगी सृष्टी हिचं लग्न होतं. नवरीला, करवल्यांना, सगळ्या घरच्या बायकांना हळदीचे दागिने भाग्यश्रीचेच हवे होते. शेखरनेसुद्धा मला त्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलं. माझा संशय तेव्हाच बळावला होता. शेखर आणि मला पुसतोय?

हळदीच्या आदल्या आठवड्यात सृष्टी आपल्या आजीला, भागुबाईंना, घेऊन टपरीवर आली. आजी बसायला तयार नव्हत्या. त्यांच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या डेकोरेशनवाल्याचं. त्याचं नाव मी घेणार नाही, फुकट जाहिरात कशाला करू? पत्रकावर मी होते. माझा गळा, माझी ठुशी, आणि बाजूला त्याचं नाव.

"बाई, आमची ऑर्डर राहू द्या," भागुबाई म्हणाल्या. "त्यो म्हनतो, फोटू त्याचा हाय. तुमी त्याचा उचलला. लग्नघर हाय आमचं, चोरीचा माल अंगावर चढवायचा न्हाय."

"आजी, हा माझा फोटो आहे," भाग्यश्री म्हणाली.

"त्यो बी त्येच म्हनतो."

मोबाइलमधला फोटो कधीच पुसून टाकलेला, जागा करायला. शेखर माझ्याकडे बघायला लागला, आणि त्या नजरेत मला भंगारवाल्याची शेड दिसली. "त्या भिकननंच दिला असंल," नवसाबाई पुटपुटल्या. मलाही तेच वाटलं. तो माझ्याकडे उगाच का बघत होता?

भागुबाई निघाल्या. पण जाता जाता त्यांनी चष्मा वर सरकवला, एकदा माझ्याकडे आणि एकदा पत्रकाकडे पाहिलं, आणि थबकल्या.

"काय गं सृष्टे, ह्या पत्रकावरच्या बाईची नथ उजवीकडं कशी?"

सृष्टीने पाहिलं. "अय्या, खरंच! आजी, फोटो उलटा फिरवलाय. नाव बसवायला जागा केली असेल."

"मर मेल्या! उजवीकडं नथ घालून कोन नवरी बोहल्यावर जाती?" भागुबाईंनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "अन् हे गालावर काय? माशी बसलीय का काय?"

नवसाबाईंनी पाट्यांवरून हात पुढे केला. पत्रक घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला की बस्स.

"माशी न्हाय वो. ती माझी तीट हाय!"

"पुतळीला तीट?"

नवसाबाईंनी कमरेची पिशवी उघडली, डबी काढली, काजळात बोट बुडवलं आणि सगळ्यांसमोर माझ्या गालावर टेकवलं. तिथेच, जिथला रंग फिका झाला होता. पत्रकावर तीट उजव्या गालावर, माझ्या डाव्या. नथीच्या बाजूलाच. भाग्यश्रीने या वेळी पदर उचलला नाही.

भागुबाई मटकन स्टुलावर बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्लास्टरच्या बाईला नजर लागू नये म्हनून जपनारं घर हाय हे," त्या सृष्टीला म्हणाल्या. "दुसऱ्याचं कशाला उचलंल? दागिने हितलेच घ्यायचे."

सृष्टीची हळद झाली, आणि सबंध लग्नसराईत भाग्यश्रीला जेवायला फुरसत नव्हती. शेखर आता पहाटे स्वतः कळ्या निवडतो. डेकोरेशनवाल्याने ना माफी मागितली ना पत्रक बदललं. उजवीकडे नथ घालून मी त्याच्या भिंतीवर अजून मिरवते म्हणे. भिकनने भाग्यश्रीला दाखवलं की कुणीही बटण दाबून फोटो घेऊ शकतं, त्यासाठी भिकनने द्यायला लागत नाही. भाग्यश्रीला ते पटलं. मला? मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे.

परवा भाग्यश्रीने नवा फोटो काढायचा ठरवला. माझा नव्हे, नवसाबाईंचा. त्यांना आता कमी दिसतं, दोरा सुईत जात नाही. त्यांना जुईची वेणी घातली, मोगऱ्याची ठुशी घातली आणि माझ्या शेजारी बसवलं. मग भाग्यश्रीने काजळाची डबी घेतली. आधी माझ्या गालाला बोट लावलं, मग सासूच्या.

"अगं, मला म्हातारीला कुनाची नजर लागायची?"

"माझीच लागेल, आई," भाग्यश्री म्हणाली, आणि तिने फोटो काढायच्या आधी डोळे पुसले.

तर मित्रांनो, आता तुमचेही फोटो जगभर हिंडणार. जरूर हिंडू द्या, पण बघणारा कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही, हे लक्षात ठेवा. आपल्या वस्तूवर आपल्या माणसाच्या हाताची एक खूण राहू द्या. ती डाग वाटली तरी पुसू नका. आणि दुसऱ्याचा फोटो आवडला, बोट बटणाकडे जायला लागलं, तर आधी त्याच्या गालाकडे बघा. तिथे कुणीतरी तीट लावलेली असेल. मी बघतेच आहे. मला डोळे मिटता येत नाहीत.