रिकामा न दिलेला पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पांढऱ्या तारांचा, खाली हिरवा प्लास्टिकचा ट्रे आणि पुढे एक कुरकुरणारं दार. म्हातारपणी सगळे शांत होतात म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं मला फारसं आठवत नाही. सिंगापूरला आल्यावर निशिकांत आणि अरुणा या पुण्याच्या जोडप्याने मला ईस्ट कोस्ट भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांचे दोन गिनीपिग मी तीन वर्षं सांभाळले. पाहुणे म्हणायचे, "किती छान ठेवलाय हो पिंजरा!" मी फुगून जायचो.

मग २०१४च्या ऑगस्टमध्ये ते दोघे शिंकायला लागले. नाकं वाहू लागली, खाणं सुटलं. गुरुवारी एक गेला, शुक्रवारी दुसरा. अरुणा खूप रडली. ते मी पाहिलं आहे, म्हणून खोटं बोलणार नाही. पण तिने मला धुतलं नाही.

शनिवारी जाईचा नववा वाढदिवस होता. जाईचे आईबाबा, मेधा आणि विश्वास, तोआ पायोहला राहतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीमुळे दोन्ही घरांची चांगली ओळख. जाईला वाढदिवसाला गिनीपिगची जोडी मिळणार होती, पिंजरा तेवढा घ्यायचा होता. अरुणाने मला द्यायचं ठरवलं.

"आपले गेले ते सांगशील ना?" निशिकांतने विचारलं.

"वाढदिवसाच्या दिवशी मेल्याच्या गोष्टी कशाला? अशुभ दिसतं," ती म्हणाली. "आणि रिकामा कसा द्यायचा? साधा डबासुद्धा आपण कुणाला रिकामा देत नाही."

म्हणून तिने माझ्यात उरलेलं गवत आणि लाकडाचं छोटं घर तसंच ठेवलं. ज्यावर ते दोघे शिंकून शिंकून गेले, तेच गवत! वर लाल रिबीन बांधली. मला ओरडता येत नाही. मी दार जोरजोरात कुरकुरवलं. निशिकांतने त्यात तेलाचे दोन थेंब सोडले.

जाईने जोडीची नावं ठेवली बुंदी आणि शेव. बुंदी गोल, तपकिरी. शेव पिवळी, लांब केसांची. आईला इंग्लिशमधून उत्तरं देणारी ही मुलगी त्यांच्याशी मात्र मराठीत बोलायची, कारण तिचं चुकलं तरी ते हसत नसत. शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यासमोर मांडी घालायची. "बुंदी, तू आज काय खाल्ली?" असं विचारायची. तेवढे सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते.

सातव्या दिवशी बुंदी शिंकली.

विश्वास पाया लेबारच्या ऑफिसातून रजा घेऊन आला. डॉक्टर झाले, औषधं झाली. जाई सुई नसलेल्या सिरिंजने थेंब थेंब औषध पाजायची. आधी बुंदी गेली, दोन दिवसांनी शेव गेली, तीही जाईच्या मांडीवर. डॉक्टरांनी विचारलं, "पिंजरा जुना होता का? त्यात आधीचं गवत होतं?" मेधाने गाडीत बसताच अरुणाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि मी गाडीच्या मागच्या सीटवर.

"अगं, आमचेही असेच गेले गं," अरुणा म्हणाली. "तुला सांगणारच होते."

सांगणारच होते! मित्रांनो, हे दोन शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घरी येऊन मेधा रडली, पण म्हणाली, "जाऊ दे जाई. मुद्दाम थोडंच केलं त्यांनी? आता गणपतीत रोज भेटायचंय."

"यू नेव्हर माइंड, आई," जाई म्हणाली. "आय माइंड."

महिनाभराने अरुणाचा मेसेज आला. शेजारच्या श्रियाला गिनीपिग आणणार आहेत, तुम्हाला पिंजरा नको असेल तर परत द्याल का? आहे की नाही कमाल! पण मला आनंद झाला. खरं सांगतो, मला वाटलं, न्या मला असाच. माझ्या कोपऱ्यात अजून तो आजार असू दे. अरुणाच्या शेजारी, तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा तेच होऊ दे. म्हणजे कळेल! श्रिया नावाच्या पोरीने माझं काय बिघडवलं होतं? काहीच नाही. पण रागात तेवढं कुणाला सुचतं?

जाईला सुचलं. तिने ते गवत, ते घर कचऱ्यात टाकलं. हातमोजे घालून, ब्लीच आणि जुना टूथब्रश घेऊन माझी एकेक तार घासली. तीन दिवस मला खिडकीत उन्हात ठेवलं. मी चरफडत होतो. माझ्याकडे होतं तेवढं एक हत्यार ही मुलगी धुऊन टाकत होती!

निघताना तिने माझ्यात एक पाकीट ठेवलं.

"हे काय गं?" मेधाने विचारलं.

"रिकामा देत नाहीत ना?" जाई म्हणाली.

अरुणाकडे त्या दिवशी चार पाहुणे होते. श्रिया आणि तिची आईही आली होती. "बघा, किती गुणी पोर! चिठ्ठीसुद्धा ठेवलीय," म्हणत अरुणाने कौतुकाने मोठ्याने वाचायला घेतलं.

"काकू, बुंदी आणि शेव मेले. त्याच्या आधी तुमचे पण मेले होते. तुम्ही मला सांगितलं नाही..."

अरुणा कागदाची घडी करू लागली. श्रियाच्या आईने कागद हातात घेतला आणि उरलेलं वाचलं. "मी पिंजरा ब्लीचने धुतला आहे. श्रियाचे मरायला नकोत. तुम्ही धुतला नव्हता."

"आंटी, युअर्स ऑल्सो डाय?" श्रियाने विचारलं. "देन व्हाय यू नेव्हर से?"

निशिकांत चहाच्या कपात बघत बसला. अरुणाचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं. लपवत नाही.

आता मी श्रियाकडे असतो. माझ्यात दोन गुबगुबीत जीव आहेत आणि ते ठणठणीत आहेत. तुमच्या घरातला प्राणी आजाराने गेला तर त्याच्या वस्तू टाकून द्या, पिंजरा नीट धुवा. आणि मित्रांनो, समोरच्याला सांगा. वाढदिवस असला तरी सांगा, वाईट वाटलं तरी सांगा.

अरुणा अधूनमधून या जोडीचे लाड करायला येते. तिने हात घातला की माझं दार तिच्या बांगडीत अडकतं आणि करकरतं. श्रियाची आई तेल घालून दमली. ते तेलाने थांबायचं नाही. अरुणाने एकदा तोआ पायोहला जावं, जाईसमोर बसावं आणि "माझं चुकलं" म्हणावं. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी आवाज न करता उघडेन.