मार्लिसचा आकडा

ऑर्लिन ट्वेट शाळेच्या जिममध्ये शिरला तेव्हा त्याला आधी कॉफीचा वास आला, मग ओल्या बुटांचा. दारातल्या टेबलावर नावं लिहून घेणाऱ्या बाईने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे पाहिलं आणि चटकन मान खाली घालून त्याचं नाव लिहिलं. ऑगस्टपासून सगळेच असं करायचे. आधी त्याच्या मागे बघायचे, मग ओशाळायचे.

"आज थंडी फार आहे," ती बाई म्हणाली.

"आहे खरी," तो म्हणाला आणि आत गेला.

जिमच्या तीन कोपऱ्यांत तीन उमेदवारांच्या पाट्या लावल्या होत्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला लोक असेच जमतात; त्याला कॉकस म्हणतात. मतपेटी नसते, पडदा नसतो. जो हवा असेल त्याच्या पाटीखाली जाऊन सगळ्या गावासमोर उभं राहायचं. आपला न्हावी बघत असतो, आपला पाद्री बघत असतो, ज्याच्याशी कुंपणावरून भांडण झालंय तोही बघत असतो. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरा माणसंही भरत नाहीत तो कोपरा मोडतो. तिथल्या माणसांनी मग दुसऱ्याच्या पाटीखाली जायचं, नाहीतर घरी.

ऑर्लिन सरळ लोरेटा डॅबनीच्या पाटीखाली गेला.

"आलास! मला वाटलं येतोस की नाही," बेव्ह सोरेन्सन म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं होतं आणि डॅबनीच्या कोपऱ्याची सूत्रं तिच्याकडे होती. "आज अठरा लागतात रे. अठरा झालो तर बाई शर्यतीत राहते. ती राहिली तर निदान कोणीतरी आपल्या हॉस्पिटलचं नाव तरी घेईल. बाकीच्या दोघांना आपलं गाव नकाशात दाखवता यायचं नाही."

"आत्ता किती आहेत?"

"मोजत नाही. भीती वाटते."

शेजारी मर्ल डिट्रिक खोकला. मर्ल डुकरं पाळायचा आणि आयुष्यात त्याने कुठल्या बाईला मत दिलं नव्हतं, काळ्या माणसाला तर नाहीच. "मी माझ्या अंगठ्यासाठी आलोय," तो ज्याला त्याला सांगत होता. "सप्टेंबरात बाई चर्चच्या तळघरात भाषणाला आली. मी लंगडताना दिसलो तर म्हणाली, बूट काढा. सगळ्यांसमोर! म्हणाली, साखर तपासलीय का कधी? उद्याच्या उद्या जा. डॉक्टर म्हणाला, अजून महिनाभर थांबला असतात तर अंगठा गेला असता. आता बोला."

"अरे, ती राष्ट्राध्यक्ष झाली तर काय घरोघर फिरून अंगठे बघणार आहे?" कोणीतरी म्हणालं.

"बघेलही. तिचा काय नेम!"

लोक हसले. लोरेटा डॅबनी दक्षिणेकडच्या एका राज्याची गव्हर्नर होती, पण त्याआधी कितीतरी वर्षं वॉर्डात नर्स होती आणि ती सवय तिची गेली नव्हती.

एक तरुण पत्रकार मुलगी वही घेऊन आली. कुठल्यातरी मोठ्या शहरातून आली असावी. तिचे बूट बर्फाचे नव्हते. ती ऑर्लिनपाशी थांबली.

"सर, तुमच्या वयाचे, खेड्यातले, गोरे मतदार एका काळ्या स्त्रीच्या मागे उभे आहेत. हा क्षण तुम्हाला कसा वाटतो?"

ऑर्लिनला नीट उत्तर द्यायचं होतं. "मागच्या वसंतात आमचं हॉस्पिटल बंद झालं," तो म्हणाला.

"हो, ते वाचलं मी. पण तिचा वर्ण, तिचं बाई असणं... आधी मनात काही अडलं का?"

"ती नर्स होती."

"म्हणजे तिची ही ओळख तुम्हाला महत्त्वाची वाटत नाही?"

ऑर्लिनने विचार केला. त्याला सांगायचं होतं ते लांबलचक होतं आणि मुलगी आधीच दुसरीकडे बघत होती. "मला सांगता येत नाही," तो म्हणाला. तिने काहीतरी लिहिलं आणि आभार मानून ती पुढे गेली.

सांगायचं होतं ते असं. सप्टेंबरात त्या तळघरात प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ऑर्लिन उभा राहिला. उभं राहायचं त्याने ठरवलं नव्हतं. तो म्हणाला, माझी बायको ऑगस्टात अ‍ॅम्ब्युलन्समध्येच वारली, चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलला नेताना. त्याआधी येऊन गेलेल्या दोन उमेदवारांनाही त्याने एवढंच सांगितलं होतं. एकाने छातीवर हात ठेवला होता. दुसऱ्याने त्याला मिठी मारली होती आणि मिठीत असतानाच फोटोवाल्याकडे पाहिलं होतं.

डॅबनीने त्याला विचारलं, "कुठल्या रस्त्याने नेलं? मागे तिच्याजवळ कोण होतं?"

"एक मुलगा होता. नवा होता."

"तिला बसवलं होतं की आडवं झोपवलं होतं?"

"झोपवलं होतं. तिला धाप लागली होती, ती उठायला बघत होती. मी म्हटलं, पडून राहा."

बाई त्याच्या जवळ आली. मग म्हणाली, "धाप लागलेल्या माणसाला बसवतात, मिस्टर ट्वेट. तुम्हाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्या मुलाला माहीत असायला हवं होतं, आणि हॉस्पिटल दहा मिनिटांवर हवं होतं. गावची हॉस्पिटलं उघडी ठेवता येतात. मी ठेवली आहेत. तुमचं उघडेल असं वचन देत नाही, पण ते कसं करतात हे मला ठाऊक आहे."

तळघरात सगळे अवघडले. बेव्हला वाटलं, बाईने असं बोलायला नको होतं. ऑर्लिन मात्र घरी जाऊन खाटेवर बसला आणि पहिल्यांदा रडला. पडून राहा, असं तोच म्हणाला होता. ते चुकलं हे त्याला मनातून ठाऊक होतं आणि सगळं गाव त्याला सांगत होतं की तू सगळं बरोबर केलंस. एका बाईने त्याला खरं सांगितलं. त्या दिवसापासून तो तिचा झाला. ती हिरवी किंवा निळी असती तरी झाला असता.

"चला, मोजणी!" माइकवरून ड्वेन कोलार ओरडला. आजच्या सभेचा अध्यक्ष तो होता. ऑर्लिन आणि तो शाळेच्या बस-गॅरेजमध्ये जन्मभर एका इंजिनात डोकी घालून राबले होते. "प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. डॅबनी, तुम्ही आधी. सगळ्यात लवकर संपाल."

"हस, हस!" बेव्ह ओरडली. "एक!"

"दोन."

"तीन."

त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्या, गळ्याचं ऑपरेशन झालं त्याला खूप वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचा आवाज फक्त ऑर्लिनच्या कानापर्यंत पोचायचा. कॉकसला दोघं शेजारी उभी राहायची, तो तिचं कोपर धरायचा आणि दोघांचेही आकडे तोच म्हणायचा. ट्वेट नवरा-बायको एका तोंडाने दोन मतं देतात, अशी गावात थट्टा चालायची. मार्लिस त्यावर त्याच्या कानात म्हणायची, "सांग त्यांना, घरी दोन्ही तोंडं माझीच असतात."

"दहा," पलीकडून आलं.

"अकरा, बारा," ऑर्लिन म्हणाला.

"तेरा," मर्ल म्हणाला. त्याला काही खटकलं नाही. इतकी वर्षं त्याने हेच ऐकलं होतं.

शेवटचा आवाज आला, "अठरा!" आणि बेव्हने किंचाळून समोरच्या बाईला मिठी मारली. मर्लने ऑर्लिनच्या पाठीवर थाप मारली. "राहिली बाई! हॉस्पिटलवाली राहिली!" ऑर्लिनही हसला. कितीतरी दिवसांनी त्याचे गाल असे ताणले गेले होते.

बाकीचे दोन कोपरे मोजून झाले. ड्वेनने बेरीज केली, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा केली. "एक माणूस जास्त भरतंय," तो माइकवर म्हणाला. "दारात नोंद झाली त्याहून एक जास्त."

"डॅबनीवाल्यांनी मेलेलेही उठवून आणले की काय!" समोरच्या कोपऱ्यातून ड्वाइट हॅन्सन ओरडला, आणि सगळा जिम हसला.

ऑर्लिनचं हसू तिथेच राहिलं. त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. हात शरीरापासून जरा दूर होता आणि बोटं वाकलेली होती, कोणाचं तरी कोपर धरावं तशी.

समोर ड्वेन त्याच्याकडेच बघत होता. ड्वेनला कळलं होतं. त्याने मान खाली घातली, कागद उगाच उलटसुलट केले आणि माइकवर सावकाश म्हणाला, "दारातच एखादं नाव लिहायचं राहिलं असेल. होतं असं. डॅबनी, तुम्ही तेवढे पुन्हा म्हणा, म्हणजे झालं."

ऑर्लिनने पुन्हा बारा म्हटलं असतं तर ड्वेनने ते लिहून घेतलं असतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"एक," बेव्ह म्हणाली. "दोन," "तीन," आकडे त्याच्याकडे येऊ लागले. एक आकडा. तेवढ्याने बाई राहणार होती, हॉस्पिटलचं नाव राहणार होतं, आणि पुढच्या कोणाची तरी बायको दहा मिनिटांत पोचणार होती. मार्लिस असती तर तिने म्हणायला सांगितलं असतं का? त्याने ऐकायचा प्रयत्न केला. कानात काहीच आलं नाही. सहा महिन्यांत एकदाही आलं नव्हतं.

"दहा."

"अकरा," ऑर्लिन म्हणाला.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मर्ल थांबला. इतक्या वर्षांच्या सवयीने तो दुसऱ्या आकड्याची वाट बघत होता. सगळा कोपरा वाट बघत होता. ऑर्लिनने तोंड मिटलं.

"...बारा," मर्ल शेवटी म्हणाला.

सतरावर मोजणी संपली.

बेव्हने तोंडावर हात ठेवला. तिला समजलं होतं. मर्ललाही समजलं होतं, पण त्याला आधी राग आला. "एक आकडा म्हणायला तुझं काय जात होतं?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुला कोणी काही बोललं नसतं. तुला तर नाहीच. तिच्याचसाठी चाललंय ना हे सगळं?"

"मर्ल, गप बस," बेव्ह म्हणाली.

"ती इथे नाहीये, मर्ल," ऑर्लिन म्हणाला.

दुसऱ्यांदा तो तिला पडून राहा म्हणाला होता, असं त्याला वाटलं.

ड्वेनने कोपरा मोडल्याचं जाहीर केलं. लगेच बाकीचे दोन कोपरे हात पसरून पुढे आले. कोणी लिंबाच्या वड्यांचं ताट आणलं, कोणी नुसतंच नाव घेऊन हाका मारल्या. कॅफेवाली व्हेरा सांगत होती की तिच्या उमेदवाराने, सिनेटर प्रेन्टिसने, तिच्याकडे अ‍ॅपल-पायचा दुसरा तुकडा मागून घेतला होता आणि बशी स्वतः उचलून आत नेली होती. "त्याच्या आईने वळण लावलंय त्याला," ती म्हणाली. "मला एवढं पुरे." बेव्ह तिच्याबरोबर गेली, कारण तिची बहीण त्या कोपऱ्यात होती. मर्ल गव्हर्नर व्हिटकॉमच्या कोपऱ्यात गेला. "तिथे खुर्च्या आहेत," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "पाय दुखतोय."

ड्वाइट हॅन्सन ऑर्लिनसमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात घेऊन तो ती फिरवत होता. "मी ते मेलेल्यांचं... मला माहीत नव्हतं रे. तसं म्हणायचं नव्हतं मला."

"ठाऊक आहे."

"मग ये ना आमच्यात. व्हिटकॉम चांगला माणूस आहे."

"हॉस्पिटलबद्दल काय म्हणतो तो?"

ड्वाइटने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणत असेलच की काहीतरी. वेबसाइटवर असेल. पण ऑर्लिन, तो निवडून येणारा आहे. माणसाला निवडून येणाऱ्याबरोबर असावंसं वाटतंच ना?"

ऑर्लिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ड्वाइट वाईट माणूस नव्हता. त्या जिममध्ये कोणीच वाईट नव्हतं. मग ऑर्लिनने डॅबनीची पाटी भिंतीवरून सोडवली, चिकटपट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा निघू नये म्हणून हळू सोडवली, आणि ती उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली.

दारात त्याला पत्रकार मुलगी पुन्हा भेटली. "तुम्ही चाललात? दुसऱ्या कोणाला मत देणार नाही? का, ते सांगाल?"

"त्या दोघांनी मला काही विचारलं नाही म्हणून," तो म्हणाला.

"कोणी? काय?"

पण बाहेरचं दार त्याने उघडलं होतं आणि थंड वारा आत येत होता. तिने कोट आवळला आणि ती मागे सरकली.

गाडीत रेडिओ आपोआप लागला. आयोवाभरचे आकडे येत होते. डॅबनी मागे पडली होती, जवळजवळ सगळीकडेच. कोणी एक जाणकार शांतपणे समजावून सांगत होता की खेड्यातले वयस्कर गोरे मतदार काळ्या स्त्रीला स्वीकारायला अजून तयार नाहीत, त्याला एक पिढी जावी लागेल. ऑर्लिन ऐकत राहिला. त्या माणसाचा आवाज भला होता. त्याने रेडिओ बंद केला नाही. हॉस्पिटलवरून जाताना त्याने वेग कमी केला, ती फक्त सवय होती. तिथे आता वळायचं काही उरलं नव्हतं.

घरापाशी त्याने गॅरेजच्या दाराबाहेर गाडी थांबवली. गॅरेज अरुंद होतं. आत गेल्यावर मार्लिसच्या बाजूचं दार भिंतीला लागायचं, म्हणून ती नेहमी बाहेरच उतरायची. तो तिच्या उतरण्याची वाट बघत बसला. इंजिन चालू होतं, दिव्यांच्या उजेडात बर्फ पडत होतं, रेडिओवरचा माणूस बोलत होता.

मग त्याने गाडी पुढे घेतली आणि तिच्या बाजूच्या भिंतीला अगदी चिकटवून उभी केली. आता ते दार उघडलंच नसतं.