बोरगावात थांबलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी काळी लोखंडी पेटी आहे, आणि मला माझा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. पेटीला कसला आलाय अभिमान, असं म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या.

माझा जन्म पांढुर्ण्याच्या बाजारातला. पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिरानं जाड पत्रा ठोकठोक ठोकून, कोपरे दुमडून, दोन कड्या आणि एक कोयंडा लावून मला उभं केलं आणि वरून काळा रंग दिला. मोहगावचे बापूजी मेश्राम तेव्हा नुकतेच सागरला फौजेत भरती झाले होते. पहिल्या सुटीवर आले आणि त्यांनी दुकानातल्या सगळ्या पेट्यांमधून मला पसंत केलं. पलटणीत गेल्यावर माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगानं चार ओळी उमटल्या. सगळ्यांत वर नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. दोन लढायांचे दिवस मी पाहिले. खोटं कशाला बोलू, खंदकात नाही, बराकीत पलंगाखाली बसून पाहिले. पण घरची पत्रं आणि इस्त्रीचा गणवेश सांभाळणं हेही काही कमी काम नाही.

बापूजी निवृत्त होऊन मोहगावला परतले आणि माझी दशा फिरली. कधी माझ्यात कांदे ठेवले, कधी फाटक्या गोधड्या. कोंबडी माझ्यावर बसून अंडी घालायची. पाहुणे येत आणि माझ्यावर बूड टेकून चहा पीत, खाली काय लिहिलंय ते कोणी बघत नसे. मला फार वाईट वाटायचं.

मला त्यातून वर काढलं बापूजींच्या बायकोनं, देवकाबाईनं. बापूजी फौजेत असताना वीस वर्षं त्यांची पत्रं दुसऱ्यांनी वाचली आणि हिनं ऐकली. निवृत्तीनंतर बापूजींनी तिला अक्षरओळख करून दिली, तीही माझ्या झाकणावरच्या चार ओळींवरून. तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. बापूजी गेले, आणि वर्ष झाल्यावर देवकाबाईनं मला रिकामं केलं, राखेनं घासलं, उन्हात वाळवलं. मग मोहगाव, बोरगाव आणि रामाकोन्याच्या ज्या बायांचे नवरे फौजेत होते, त्या सगळ्यांना तिनं एक गोष्ट सांगितली. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाता, तिथून येताना घरी एक पुस्तक आणताच. यंदा एक या पेटीसाठीही आणा.

बायांनी आणली. गोष्टींची, चरित्रांची, बाळंतिणीच्या काळजीची. कोणीतरी एक जाडजूड शब्दकोश आणला, तो बरीच वर्षं नुसता तळाशी वजन देत बसला. रामाकोन्याची सुमन संत्र्याच्या बागायतदाराकडची, तिच्या घरून दीक्षाभूमीला कोणी जात नसे. पण नवरा तिचाही फौजेत होता. तिनं नागपूरच्या भावाकडून दोन पुस्तकं मागवली आणि एकच आणणाऱ्या बायांना वर्षभर चिडवलं.

असा माझा फेरा सुरू झाला. एक महिना मोहगावला, एक बोरगावला, एक रामाकोन्याला. बोरगावला मी बसच्या टपावरून जाई, तिथून सौसरला येऊन रामाकोन्याला छोट्या रेल्वेनं. वाचून झालेल्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर प्रत्येकीनं नाव लिहायचं. जिला येत नाही तिनं अंगठा उठवायचा, आणि यायला लागलं की त्याच अंगठ्याशेजारी सही करायची. अशी अंगठ्याला खेटून बसलेली सही दिसली, की माझा पत्रा आतून गरम व्हायचा.

आता सांगते ती गोष्ट शहाऐंशी सालची.

बोरगावात नत्थूजी गजभिये यांची सून प्रमिला. नवरा देवीदास बर्फाच्या सरहद्दीवर. पोळ्याच्या सुमारास प्रमिलाला मुलगी झाली. नत्थूजींनी स्वतःच्या हातानं पोराला पत्र लिहिलं, कारण बाप नाव कळवेल तेच नाव ठेवायचं अशी त्यांच्या घरची रीत होती. देवीदासची त्यानंतर दोन पत्रं आली. नत्थूजींनी नेहमीप्रमाणे अंगणात बसून, सगळं घर समोर बसवून, मोठ्यानं वाचली. पाऊसपाणी कसं, बैल कसे, लहानमोठ्यांना जय भीम. मुलीचं नाव नाही, मुलगी झाल्याचा उल्लेखसुद्धा नाही.

घरात कुजबुज सुरू झाली. सासू कलाबाई वाईट बाई नव्हती, पण घाबरट होती. "पोरगी झाली म्हणून रागावला तो," असं तिनं एकदा म्हटलं, आणि मग घर तेच म्हणू लागलं. शेवटी ठरलं की संक्रांत झाली की प्रमिलानं मुलीला घेऊन रामाकोन्याला माहेरी जावं, आणि देवीदास सुटीवर येऊन काय तो निकाल करील तोवर तिथंच राहावं. तीन महिन्यांची पोर बिननावाचीच होती. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत.

डिसेंबरात मी बोरगावच्या विहारात होते. रविवारी दुपारी बाया जमायच्या. प्रमिला पहिल्यांदाच आली, मुलीला कडेवर घेऊन, कोपऱ्यात बसली. दुसरीपर्यंत शिकलेली, पण अक्षरं विसरलेली. देवकाबाईनं तिला माझ्यासमोर बसवलं आणि तिचं बोट धरून माझ्या झाकणावरच्या पहिल्या ओळीवर ठेवलं. सगळ्यांचा पहिला धडा तोच असे.

"हे तं आकडे हाय," प्रमिला म्हणाली. "नाव कुठी हाय?"

"नाव तिसऱ्या ओळीत."

"नंबर आधी कायले?"

"पलटणीत नावं सारखी असते बाई. माह्या बापूजीच्या पलटणीत तीन बापूजी मेश्राम होते. नंबर मात्र कोणाचाच कोणाले नाही लागत. पत्रावर नंबर नसला तं ते कोणाच्या हाती जाईन, काय भरवसा?"

प्रमिलाचं बोट आकड्यांवरच थांबलं. मग तिनं सासऱ्याबद्दल हळूच सांगितलं, "आमचे मामाजी नंबर टाकतच नाही."

"काऊन?"

"ते म्हणते, नंबर कैद्याले असते. माह्या पोराले नाव हाय, बापाचं कुळ हाय, तेवढं पुरते."

एक-दोघी हसल्या. देवकाबाई हसली नाही. तिनं विचारलं, "देवीदासचा नंबर कुठी लिहेल हाय का घरी?" प्रमिला म्हणाली, त्याच्या पत्रांच्या मागं पाठवणाऱ्याच्या जागी असतो, पण मामाजी ती पत्रं दाराजवळच्या तारेला टोचून ठेवतात, कोणाला हात लावू देत नाहीत.

पुढचा सगळा आठवडा मी बेचैन होते. पुढल्या रविवारी प्रमिला आली ती रडवेली. सकाळी मामाजी शेतात गेल्यावर तिनं तारेवरचं पत्र उलटून नंबर पाहिला होता, कागद हाताशी नव्हता म्हणून तळहातावर पेनानं उतरवला, आणि तशीच कापूस वेचायला गेली. दुपारपर्यंतच्या घामानं शेवटचे दोन आकडे गेले. हातावर पाचच उरले होते. संक्रांत महिन्यावर आली होती, आणि दुसऱ्या दिवशी मला रामाकोन्याला निघायचं होतं.

तेवढ्यात दारात स्वतः नत्थूजी उभे राहिले. सून रविवारी जाते कुठं, ते बघायला आले होते.

"काय चालून राहिलं इथं?"

मला वाटलं, आता ही पोर उठून जाणार. प्रमिला उठली खरी, पण गेली नाही. डोक्यावरचा पदर सावरला आणि तळहात सासऱ्यापुढं धरला.

"मामाजी, पाच आकडे हाय. दोन पुसले. तुमी पोराले पत्र लिवलं, पण नंबर नाही टाकला. ते त्याले भेटलंच नसन. त्याले पोरगी झाली, हेच त्याले मालूम नसन."

नत्थूजी तळहाताकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस ओरडणार, आणि ओरडला तर माझं बोरगावला येणंच बंद होणार. ते ओरडले नाहीत. मान खाली घातली आणि सातही आकडे ओळीनं, न अडखळता म्हणून दाखवले.

देवकाबाईनं विचारलं, "पाठ हाय तुमाले?"

"भरती झाला त्या दिवशी सांगतला होता त्यानं. तवापासून पाठ हाय," नत्थूजी म्हणाले. "लढाईत मानूस हरवला तं नंबरावरूनच शोधते, असं कोणी सांगतलं होतं मले. लिवाचं म्हटलं तं तेच मनात येते, हातच नाही चालत."

मित्रांनो, त्या माणसाला आम्ही अडाणी आणि गर्विष्ठ समजत होतो. मीही समजत होते, आणि मला त्याची लाज वाटते.

प्रमिलानं त्या दुपारी माझ्या झाकणावर कागद ठेवून पत्र लिहिलं. बायांनी कोणी अक्षर काढून दाखवलं, कोणी पोर सांभाळली, पण काय लिहायचं ते कोणी सांगितलं नाही. दिवेलागण होईपर्यंत चार ओळी झाल्या. 'तुमाला मुलगी झाली. तीन महिन्याची हाय. ती तुमच्यासारखी दिसते. तुमी रागावले का.' पाकिटावर पत्ता लिहिताना सगळ्यांत वर नंबर आला. तो नत्थूजींनी स्वतः लिहिला. पेन घट्ट धरून, एकेक आकडा.

देवकाबाईनं मग आणखी एक निर्णय घेतला, आणि तिच्या हातून फेरा मोडला तो त्या एकदाच. उत्तर येईपर्यंत पेटी बोरगावातच राहील, असं तिनं जाहीर केलं. मी गेल्यावर ही पोर एकटी पडेल, हे तिला कळत होतं. रामाकोन्याच्या बायांना निरोप गेला. त्यांचा महिना बुडत होता, त्यांना राग यायला हवा होता. सुमनचा उलट निरोप आला, "थांबू द्या. आमच्याजवळ राहिली ती जुनीच पुस्तकं पुन्हा वाचतो." बोरगावच्या बाया मग रोज कोणी ना कोणी विहारात येऊन बसायच्या, प्रमिलाला सोबत म्हणून. त्या दिवसांत तळाचा शब्दकोशसुद्धा तीनदा बाहेर निघाला.

संक्रांतीला चार दिवस उरले असताना नत्थूजी विहारात आले. हातात निळं पत्र, बंदच. मागं कलाबाई, नातीला खांद्यावर घेऊन. नत्थूजींनी पत्र सुनेपुढं धरलं.

"पोस्टमन केशवराव माह्या हातात देत होता. पण वर तुह्यं नाव हाय."

प्रमिलानं आपल्या नावावर बोट फिरवलं. सौ. प्रमिला देवीदास गजभिये. त्या घरात बाईच्या नावानं पत्र येण्याची ती पहिलीच वेळ.

"मोठ्यानं वाच ना बाई," कलाबाई म्हणाली.

प्रमिला माझ्याशेजारी बसली आणि मनात वाचू लागली. एकेका ओळीखाली बोट सरकवत, मध्येच मागं येत. फार वेळ लागला. कोणी घाई केली नाही. मग तिनं मान वर केली. डोळे भरलेले होते, पण ती हसत होती.

"रागावले नाही. त्याहिले मालूमच नव्हतं. पलटणीत पोळ्याआधीच बदलीवर दुसरा एक देवीदास गजभिये आला, वर्ध्याकडच्या बोरगावचा. मामाजीचं पत्र त्याले गेलं. त्याचं तं लग्नच नाही झालं. तुले पोरगी झाली, असं पत्र आलं म्हणून सारी पलटण त्याच्यावर हसली. गावच्या पोट्ट्याहिनं मस्करी केली, असं समजून त्यानं ते लपवून ठेवलं. माह्यं पत्र गेल्यावर तोच घेऊन आला, अन दोघाहिनं मिळून साऱ्याहिले गूळ वाटला."

बाया हसून हसून बेजार झाल्या. नत्थूजीही हसले, आणि हसता हसता त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

"मंग पहिल्या पत्रात काऊन नाही विचारलं त्यानं, बाळंत झाली का म्हणून?" कलाबाईनं विचारलं.

प्रमिलानं पत्रात पुन्हा बोट ठेवलं. "ते म्हणते, पत्र अंगणात वाचलं जाते. बापासमोर बायकोचं कसं विचारू."

नत्थूजींनी जमिनीकडे बघतच पुढचं विचारलं.

"अन नाव?"

"नाव मले ठेवाले सांगतलं. सुजाता ठेवतो मी."

कलाबाईनं नातीला खांद्यावरून मांडीवर घेतलं आणि 'सुजाता, सुजाता' म्हणून हाक मारून पाहिली. माहेरी पाठवायचं बोलणं त्यानंतर त्या घरात कोणी काढलं नाही. "पुढं काय लिवलं?" तिनं विचारलं. पत्राचा खालचा अर्धा भाग अजून उरला होता.

प्रमिलानं पत्राची घडी घातली. "पुढचं माह्यं हाय."

मला वाटलं, आता सासू रुसणार. पण नत्थूजीच म्हणाले, "बरोबर हाय. तिचं हाय ते. चला घरी."

ही झाली तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आज माझा कोयंडा सैल झाला आहे आणि कोपरे गंजले आहेत. देवकाबाईचे गुडघे दुखतात, म्हणून मला गावोगाव नेण्याचं काम आता प्रमिला करते. बसच्या टपावर मला चढवताना ती कंडक्टरला दोन गोष्टी सुनावते, तेव्हा ती चार ओळींवर बोट अडकलेली पोर आठवून मला गंमत वाटते.

ते निळं पत्र तिनं माझ्याच तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीखाली ठेवलं आहे. तीन वर्षं ते माझ्या पोटात आहे, आणि मी ते वाचलेलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, विहारात किंवा देवळात अशी एखादी पुस्तकांची पेटी असेल तर तिच्यावर बसू नका, तिच्यात कांदे भरू नका, तिला उघडा आणि पुस्तकं ज्यांना हवी त्यांच्या हाती द्या. आणि त्यांतली एखादी बाई वाचायला शिकली, की तिचं पत्र तिचं तिला वाचू द्या.